सव्वा लाखाचा एआय फोन, बारा हप्ते आणि थांबवलेली एसआयपी

प्रश्न थोडक्यात असा: नाशिकच्या एक वाचक, वय ३३, अंबड एमआयडीसीतल्या कंपनीत गुणवत्ता विभागात. हाती येणारा पगार ६८,००० रुपये. भाडं, किराणा, आईची औषधं धरून घरखर्च ४१,०००, स्कूटरचा हप्ता ३,९०० (अजून सात महिने), एसआयपी (म्युच्युअल फंडात दरमहा जाणारी रक्कम) ८,०००. बचत खात्यात ८५,०००. घराच्या डाउन पेमेंटची रक्कम मुदत ठेवीत वेगळी आहे आणि येत्या काही महिन्यांत गृहकर्जाचा अर्ज करायचा आहे. सध्याचा फोन चार वर्षांचा, बॅटरी दुपारीच मान टाकते. सॅमसंग गॅलेक्सी एस२५ अल्ट्रा घ्यावा की गूगल पिक्सेल १० प्रो एक्सएल, असं त्या विचारतात. क्रेडिट कार्डावर १२ महिन्यांचा नो-कॉस्ट ईएमआय घेऊन तेवढं वर्ष एसआयपी थांबवायची, असा त्यांचा बेत आहे.

दोन्ही फोन उत्तम आहेत. २५६ जीबीच्या एस२५ अल्ट्राची लाँचच्या वेळची किंमत १,२९,९९९ आणि पिक्सेलची १,२४,९९९. पाच हजारांच्या फरकावर हा निर्णय फिरत नाही. तो फिरतो तुमच्या बचत खात्यातल्या ८५ हजारांवर. महिन्याला ४४,९०० खर्च असताना ही रक्कम दोन महिनेही पुरत नाही, आणि आई तुमच्यावर अवलंबून आहे. म्हणून माझं उत्तर आधीच सांगतो: आत्ता दोन्हींपैकी एकही घेऊ नका. दहा महिन्यांनी घ्या, रोखीने.

आधी ईएमआयचं गणित पाहू. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना शून्य टक्के व्याजाच्या योजना बंद करायला सांगितलं. त्यामुळे ‘नो-कॉस्ट’ म्हणजे बिनव्याजी नव्हे. बँक व्याज लावतेच. विक्रेता किंवा कंपनी तेवढी सूट आधी देते. १,२९,९९९ चे बारा हप्ते म्हणजे महिन्याला १०,८३३. बँकेचा दर वर्षाला १६ टक्के धरला, तर त्यातलं व्याज साधारण १०,६०० आणि कर्जाची मूळ रक्कम १,१९,४०० होते. व्याजावरचा १८ टक्के जीएसटी मात्र तुमच्या माथी: सुमारे १,९००. प्रक्रिया शुल्क १९९ असलं तर जीएसटीसह २३५. म्हणजे २,१०० ते २,२०० रुपये जास्तीचे गेले. शिवाय अनेक कार्डांवर ईएमआयच्या व्यवहाराला रिवॉर्ड पॉइंट मिळत नाहीत. फोन परत केला, तर तोपर्यंत लागलेलं व्याज आणि शुल्क परत मिळेलच असं नाही. एखादा महिना कार्डाचं बिल पूर्ण भरलं गेलं नाही, तर उरलेल्या रकमेवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज सुरू होतं.

हे दोन हजार तुम्ही सोसालही. खरा फटका गृहकर्जाला बसेल. तुमच्या कार्डाची मर्यादा दीड लाख आहे. १,१९,४०० अडकले की जवळपास ८० टक्के मर्यादा वापरलेली दिसते. सिबिल स्कोअरसाठी (बँका पाहतात त्या पतगुणांसाठी) हे प्रमाण ३० टक्क्यांच्या आत ठेवावं असं मानलं जातं. दुसरं म्हणजे चालू हप्ते वजा करूनच बँक तुमची कर्जपात्रता काढते. साडेआठ टक्के दराने २० वर्षांच्या गृहकर्जाचा हप्ता लाखाला सुमारे ८६८ रुपये पडतो. फोनचे १०,८३३ हिशेबात धरले गेले, तर पात्रता साधारण साडेबारा लाखांनी घटते. थोडेच हप्ते उरले असतील तर काही बँका ते सोडून देतात, पण तुमचा अर्ज नेमका मध्यावर पडणार आहे. फोनपायी फ्लॅटची एक खोली कमी करावी लागू नये.

एसआयपी थांबवण्याचंही तसंच. बारा महिन्यांचे ९६,००० आज गेले नाहीत, तर वर्षाला ११ टक्के परतावा धरून १५ वर्षांनी सव्वाचार लाखांहून जास्त रक्कम कमी असेल. परताव्याची हमी नसते, त्यामुळे हा आकडा अंदाजाचाच. पण फोनसाठी एकदा थांबवलेली एसआयपी बहुतेकांची वेळेवर पुन्हा सुरू होत नाही.

आता फोनांकडे वळू. दोन्ही कंपन्या सात वर्षं अपडेट द्यायचं म्हणतात. हे घड्याळ फोन बाजारात आल्या दिवसापासून सुरू होतं, तुमच्या खरेदीच्या तारखेपासून नाही. एस२५ मालिका २०२५ च्या सुरुवातीची, म्हणून तिची मुदत २०३२ च्या सुरुवातीपर्यंत. पिक्सेल १० ऑगस्ट २०२५ चा, म्हणून ऑगस्ट २०३२ च्या सुमारास संपेल. किंमत मात्र आयुष्याच्या कितीतरी आधी उतरते. गॅलेक्सी एस२४ अल्ट्रा जानेवारी २०२४ मध्ये १,२९,९९९ ला आला आणि सप्टेंबर २०२५ च्या सणाच्या सेलमध्ये ७१,९९९ पर्यंत खाली आला. वीस महिन्यांत अपडेटचं आयुष्य संपलं चोवीस टक्के, किंमत उतरली पंचेचाळीस टक्के. पिक्सेल ९ ची घसरण आणखी तीव्र होती: ७९,९९९ चा फोन वर्षभरात ऑफर धरून ३५ हजारांच्या आसपास मिळत होता. थांबणाऱ्याला हा फरक खिशात ठेवता येतो आणि मिळणारा फोन अजून पाच वर्षांहून जास्त चालणारा असतो. एक सावधगिरी: २०२५ च्या अखेरीपासून मेमरी चिपचे भाव चढले आहेत. म्हणून पुढची घट तेवढीच होईल असं धरून चालू नका.

एआयसाठी तुम्ही तीन गरजा लिहिल्या आहेत: फोटोतली नको ती माणसं काढणं, पुरवठादारांशी बोलताना भाषांतर, मीटिंगचं टिपण. पहिली गरज गूगल फोटोजचं मॅजिक एडिटर भागवतं; बहुतेक अँड्रॉइड फोनवर महिन्याला दहा फोटो फुकट जतन करता येतात. भाषांतरासाठी गूगल ट्रान्सलेटची संभाषण सुविधा आहे, आणि गूगलचं बोलणारं एआय जेमिनी लाइव्ह तर मराठीतही बोलतं, तेही साध्या फोनवर. मग राहिलं टिपण. ते मराठी-हिंदी-इंग्रजी मिसळीच्या बोलण्यावर किती बिनचूक उतरतं, हे दुकानातच पाहा. विक्रेत्याला आधी साधं दाखवायला सांगा, मग एअरप्लेन मोड लावून तेच पुन्हा करायला सांगा. जे बंद पडलं ते कंपनीच्या सर्व्हरवर चालतं, म्हणजे उद्या त्यासाठी पैसे मागितले जाऊ शकतात. एस२५ बाजारात आणताना सॅमसंगने गॅलेक्सी एआय २०२५ अखेरपर्यंत मोफत असंच म्हटलं होतं, म्हणून सध्याच्या अटी घेण्याआधी वाचा. (तुमच्या कंपनीतल्या तपासणीच्या बैठका अशा सर्व्हरवर पाठवायला परवानगी आहे का, हेही विचारून घ्या.)

पिक्सेलसोबत एक वर्षाचं गूगल एआय प्रो (गूगलच्या एआयची सशुल्क सेवा) मिळतं. महिन्याला १,९५० प्रमाणे त्याची किंमत २३,४०० होते आणि ती वजा करून पिक्सेल ‘एक लाखाचा’ पडतो, असा हिशेब तुम्ही मांडला आहे. तो मला पटत नाही. जे तुम्ही स्वतःच्या पैशाने कधीच घेतलं नसतं, त्याची किंमत वजा करायची नसते. त्यात तुम्ही जिओच्या ग्राहक आहात. ऑक्टोबर २०२५ अखेर जिओने अमर्यादित ५जी प्लॅनवर हीच सेवा १८ महिने मोफत जाहीर केली. मायजिओ ॲपमध्ये ती तुमच्या नंबरावर दिसते का, ते बघा. कुठूनही घेतली तरी प्ले स्टोअरच्या सबस्क्रिप्शनमध्ये जाऊन ऑटो-पे बंद करा, नाहीतर मुदत संपताच १,९५० कापले जातील.

आणखी एक गोष्ट जाहिरातीत ठळक नसते. ८०,९९९ ला आलेल्या साध्या एस२५ मध्ये अल्ट्राचीच चिप आणि १२ जीबी रॅम आहे. ७९,९९९ च्या पिक्सेल १० मध्ये प्रोमधलीच टेन्सर जी५ चिप आहे. एआयची बहुतेक कामं आणि सात वर्षांचे अपडेट या धाकट्या भावंडांनाही आहेत. वरचे ४५-४९ हजार जातात मोठा पडदा, दूरचं आणखी चांगलं टिपणारा कॅमेरा, अल्ट्राचा एस पेन आणि पिक्सेल प्रोची जास्त रॅम यांच्यासाठी. तुमच्या यादीत यातलं एकही नाही.

पाच-सहा वर्षं वापरायचा असेल आणि या दोन घराण्यांतूनच निवडायचा असेल, तर मी सॅमसंग म्हणेन. सेवा केंद्रांचं जाळं जिल्ह्याच्या गावांपर्यंत आहे आणि जुना विकताना किंवा बदलताना भाव सहसा बरा येतो. पिक्सेलच्या बॅटरीबद्दल हेही माहीत असावं: पिक्सेल ९ए पासूनच्या फोनांत बॅटरी हेल्थ असिस्टन्स बंद करता येत नाही. २०० चार्जनंतर ते बॅटरीचं कमाल व्होल्टेज हळूहळू कमी करत जातं, म्हणजे एका चार्जमधला वेळ घटतो. बॅटरी जपली जाते, पण दिवसभर बाहेर असणाऱ्याला ते जाणवतं. मात्र एआयशी बोलण्यातला सहजपणा आणि फोटोंचा रंग तुम्हाला पिक्सेलचाच आवडत असेल, तर जवळचं अधिकृत केंद्र कुठे आहे आणि पडदा बदलायला किती लागतात, हे विचारून घ्या. या वर्गातला पडदा पाच आकडी खर्च काढतो. दोन्हींच्या खोक्यात चार्जरही नसतो. चार्जर, कव्हर, काच मिळून चार-पाच हजार वेगळे धरा.

आता आजचा फोन. अधिकृत केंद्रात बॅटरी बदलून घ्या. अशा जुन्या मध्यम फोनांना साधारण दोन-तीन हजार लागतात. मग सेटिंग्जमध्ये ‘फोनबद्दल’ उघडून सिक्युरिटी पॅचची (सुरक्षा अपडेटची) तारीख पाहा. ती वर्षाहून जुनी असेल, तर बँकेचे व्यवहार त्या फोनवर फार काळ ठेवू नयेत. मग दहा महिन्यांऐवजी तीन-चार महिन्यांत २०-२५ हजारांचा साधा फोन रोख घेणं मला मान्य आहे, आणि वरच्या वर्गाचा विचार त्यानंतर दोन वर्षांनी.

पॅच ताजा असेल, तर एसआयपी चालू ठेवून महिन्याला उरणाऱ्या १५,१०० मधून ७,००० आपत्कालीन निधीत आणि ७,००० फोनच्या वेगळ्या आवर्ती ठेवीत टाका. सात महिन्यांनी स्कूटर फिटली की तिचे ३,९०० निधीकडे वळवा. दहा महिन्यांत फोनचे ७०,००० होतील आणि निधी सुमारे १ लाख ६७ हजारांवर जाईल. सहा महिन्यांच्या खर्चाचं उद्दिष्ट २ लाख ७० हजार आहे, त्यामुळे फोन घेतल्यावर त्याचेही ७,००० निधीतच जाऊ द्या.

सेलमध्ये ७०,००० ही वरची मर्यादा. चार्जर-कव्हरही त्यातच, जुन्या फोनचे येतील ते वर. एक्स्चेंज बोनस आणि बँकेची सूट अनेकदा एकत्र मिळत नाही, म्हणून पैसे भरण्याच्या शेवटच्या पानावरचा आकडा बघूनच ठरवा. जुना फोन न्यायला घरी आलेला माणूस ओरखड्यावरून भाव कमी करतो. आधीच फोटो काढून ठेवा. एकरकमी देत असाल तर दुकानात सरळ विचारा: ईएमआयवाल्याला जी सूट देता ती रोखीला किती? हाती फोन आला की खोक्यावरचा आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) आणि फोनमध्ये *#०६# दाबून दिसणारा क्रमांक जुळवा आणि सरकारच्या संचार साथी पोर्टलवर तपासून घ्या. जुना फोन देण्याआधी गूगल खातं काढून टाका, यूपीआय नव्या फोनवर चालू झाल्याची खात्री करा, आणि मगच जुना रीसेट करा.