जर्मनीतही म्हातारी माणसंच आहेत

प्रश्न : मुलीने जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) केलं. वर्षभर पुण्यात वृद्धांच्या सेवाकेंद्रात आहे, पगार १८ हजार. इतकं शिकून म्हाताऱ्यांचे डायपर बदलायचे? एजंट साडेतीन लाखांत जर्मनीला पाठवतो म्हणतो. जमीन गहाण टाकायची तयारी आहे. तिची समजूत कशी घालावी? – एक वडील, तासगाव

उत्तर : पत्र दोनदा वाचलं. तुमचं म्हणणं कळलं, एजंटचंही कळलं. मुलीचं म्हणणं मात्र एका ओळीतही नाही. समजूत घालायची म्हणताय, म्हणजे ती नको म्हणत असणार. का नको, हे विचारलंत?

जर्मनीला परदेशी नर्स हव्यात त्या हॉस्पिटलांइतक्याच वृद्धनिवासांसाठी. इथे जे काम तुम्हाला कमीपणाचं वाटतं, तेच करायला जमीन गहाण टाकून तिला धाडणार? वर जर्मन भाषा बी-२ या वरच्या पातळीपर्यंत शिका, आणि शिक्षणाला तिथली मान्यता मिळेपर्यंत बहुधा मदतनीस म्हणूनच राबा.

आता डायपरचं. तो बदलताना ती माकडहाडापाशी कातडी लाल दिसतेय का बघते. बोटाने दाबून लाली जाते का बघते. गेली नाही तर बेडसोरची, म्हणजे पडून पडून होणाऱ्या जखमेची सुरुवात. लगेच कूस बदलण्याच्या वेळा ठरवायच्या. काल नीट बोलणाऱ्या आजी आज असंबद्ध बोलतात, अंगात ताप नाही, तरी लघवीचं इन्फेक्शन असू शकतं. हे आधी तिच्या लक्षात यावं लागतं. हॉस्पिटलात हाकेला डॉक्टर असतो. वृद्धांच्या केंद्रात रात्री दोनला बहुतेक वेळा तीच असते. याला आयाचं काम म्हणू नका. (आयांचं कामही सोपं नसतं, ते असो.)

पगाराचा तुमचा राग मात्र रास्त आहे. नर्स टिकत नाहीत म्हणून संस्थाचालक रडतात, आणि रात्रपाळीला चाळीस जणांमागे एकटीला उभं करतात. नातेवाईक ‘ए बाई’ म्हणून हाक मारतात ते वेगळंच. कोण टिकेल? रात्री किती जणी असतात, पीएफ कापतात का, पगारवाढ कधी, हे तिने विचारावं. टाळाटाळ झाली तर संस्था बदलावी. पोस्ट बेसिक बीएस्सी (जीएनएमनंतरची नर्सिंगची पदवी) आणि सरकारी स्टाफ नर्सची भरती हे रस्ते आहेतच.

राहिला एजंट. परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी असलेल्या एजंटला सेवाशुल्क ३० हजार रुपये अधिक जीएसटी, एवढंच घेता येतं. त्याचा नोंदणी क्रमांक ई-मायग्रेट पोर्टलवर तपासा आणि साडेतीन लाख कशाकशाचे, ते लेखी मागा. मुलीलाच जायचं असेल तर तिने आधी पुण्यात मॅक्सम्युलर भवनात जर्मनचा पहिला वर्ग लावावा. तोवर सातबारा कपाटातून काढू नका.