मासिकातील पोशाख अंगावर तसाच का दिसत नाही?

प्रश्न : फॅशनची मासिके आणि इन्स्टाग्रामवरील पाने मी आवडीने पाहते. पण त्यांत पाहून घेतलेला पोशाख माझ्या अंगावर कधीच तसा दिसत नाही आणि दोष माझ्याच बांध्याचा आहे, असे वाटत राहते. ही पाने पाहणे सोडून द्यावे का?

उत्तर : सोडण्याचे कारण नाही, बांध्याला दोष देणे मात्र जरूर थांबवा. छायाचित्रातील पोशाख पुष्कळदा दुकानात येणारा नगच नसतो. हंगामाच्या काही महिने आधी, एकाच ठरावीक मापात, उंच आणि सडपातळ मॉडेलसाठी शिवलेला तो नमुना असतो आणि छायाचित्रणापुरता कंपनीकडून मागवलेला असतो. तो मॉडेललाही सैल झाला, तर स्टायलिस्ट पाठीमागचे कापड मुठीत धरून चिमट्यांनी आवळते आणि समोरून कंबर चापून बसलेली दिसते. बूट परत करायचे असतील, तर त्यांच्या तळांना ओरखडे पडू नयेत म्हणून चिकटपट्टी लावतात. एवढे करून मॉडेलने काही क्षण स्थिर उभे राहायचे असते, आपल्याला मात्र तोच पोशाख घालून जिना चढायचा, बसायचे आणि दिवसभर काम करायचे असते.

यानंतर संगणकावरील सफाई होते, आणि माझ्या मते खरे नुकसान इथेच होते, कारण चिमटा कापडाला लावलेला असतो, इथे मात्र शरीरच बदलले जाते. फ्रान्समध्ये ऑक्टोबर २०१७ पासून, मॉडेलचे शरीर बारीक किंवा जाड करून दाखवणाऱ्या व्यावसायिक छायाचित्रावर तसा उल्लेख करणे बंधनकारक आहे. नॉर्वेमध्ये जुलै २०२२ पासून जाहिरातींसाठी असाच नियम असून तो त्वचेतील फेरफारालाही लागू होतो. असा उल्लेख सर्वत्र असायला हवा, विशेषतः किशोरवयीन मुलामुलींसाठी.

प्रश्न : लेखात दिलेला सल्ला खरा आहे की जाहिरात, हे कसे ओळखावे?

उत्तर : या व्यवसायात दोन्ही फार पूर्वीपासून शेजारी नांदत आले आहेत. ‘व्होग’ १८९२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये साप्ताहिक म्हणून निघाले. १९०९ मध्ये ते विकत घेणाऱ्या कोंडे नास्ट यांनी वाचकांच्या संख्येपेक्षा त्यांच्या ऐपतीवर भर दिला, कारण अशा मोजक्या वाचकांपर्यंत पोहोचण्यासाठी जाहिरातदार जास्त पैसे मोजायला तयार असतात. त्याच मासिकाच्या सप्टेंबर २००७ च्या अमेरिकी अंकाला ८४० पाने होती आणि त्यांपैकी ७२७ जाहिरातींची होती. जाहिरातीचे पान निदान जाहिरात म्हणून ओळखू येते. फुकट मिळालेला कुर्ता घालून एखादी तरुणी मैत्रिणीच्या सुरात बोलू लागली की तेही कळेनासे होते.

तेव्हा आधी ‘सशुल्क भागीदारी’ असा उल्लेख शोधा, मग मजकुरात वस्तूची एखादी तरी उणीव सांगितली आहे का ते पाहा. कापड कोणत्या धाग्याचे आहे, धुतल्यावर आटते का, शिवणीत कापड सोडले आहे का, अस्तर आहे का, हे सांगणाऱ्या लेखकाने तो पोशाख हाताळलेला असण्याची शक्यता अधिक. नुसतेच ‘या हंगामात हे हवेच’ असे लिहिले असेल, तर छायाचित्रातील रंगसंगती अवश्य पाहा आणि तशी जोडणी आपल्या कपाटातील कपड्यांतून जमते का, ते आधी करून बघा.