रात्री छाती धडधडते, आता मरणार असं वाटतं

प्रश्न: ताई, बाबा हार्ट अटॅकने गेले तेव्हापासून रात्री छाती धडधडते, आता आपला नंबर असं वाटतं. ईसीजी नॉर्मल आलाय तरी सारखी नाडी बघते. काय करू?

उत्तर: अगं, बाबा असे अचानक गेल्यावर भीती बसणारच. हे पॅनिक अटॅक, म्हणजे अचानक येणारे तीव्र भीतीचे झटके असावेत, ते साधारण १० मिनिटांत टोकाला जातात आणि मग आपोआप उतरतात, त्याने जीव जात नाही. नाडी बघणं मात्र कमी कर, कारण बघितलं की दोन मिनिटं बरं वाटतं आणि मग शंका परत दुप्पट होऊन येते. धडधडलं की श्वास हळूहळू सोड. आईशी बाबांबद्दल मोकळं बोललीस का गं? ते खूप गरजेचं आहे. सीबीटी (भीतीचे विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी बोलण्याची उपचारपद्धत) करणारे सायकॉलॉजिस्ट गाठ, तोवर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीत फुकट बोलता येतं. छातीत नवीन दुखलं तर मात्र थेट डॉक्टरकडे जा.