शपथ घेतली म्हणून माहेरचा हिस्सा जात नाही

प्रश्न : माझं माहेर रावेर तालुक्यातलं. लग्नानंतर बारा वर्षं न्यू जर्सीत राहते. अमेरिकेच्या नागरिकत्वाची मुलाखत झाली, पुढच्या महिन्यात शपथ आहे. वडील मागच्या वर्षी गेले, मृत्युपत्र नाही. आठ एकर केळीची जमीन. मागे आई, दोन भाऊ आणि मी. भाऊ म्हणतात, परदेशी नागरिकाच्या नावावर शेती राहत नाही, सरकारजमा होते, म्हणून शपथेआधीच हक्कसोड करून दे. वर्षश्राद्धाला येतेय, तेव्हाचीच नोंदणीची तारीख त्यांनी घेतली आहे. मसुदा सोबत पाठवते. सही करू का?

उत्तर : ताई, या कारणासाठी तरी सही करू नका. भावांवरच्या मायेने हिस्सा सोडायचा असेल तर तो तुमचा निर्णय. पण तुम्ही भीतीपोटी सोडताय, आणि त्या भीतीला कायद्यात आधार नाही.

शपथेने काय जातं ते आधी बघा. आपल्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे, भारतीय माणसाने स्वखुशीने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की त्याचं भारतीय नागरिकत्व त्याच क्षणी संपतं. वेगळा अर्ज करावा लागत नाही. अमेरिकेत नुसता अर्ज केल्याने किंवा मुलाखत पास झाल्याने कुणी नागरिक होत नाही, शपथ घेतल्यावरच होतो. त्या शपथेत परकीय सत्तांवरची निष्ठा सोडल्याचं एक वाक्य आहे. भावांनी ते ‘सगळ्यावरचा हक्क सोडला’ असं वाचलेलं दिसतं. त्यात निष्ठा सोडायची आहे, मालमत्तेचं नावही नाही.

जमिनीचं उत्तर वेगळ्या कायद्यात आहे. परकीय चलन व्यवस्थापन कायदा १९९९, म्हणजे फेमा, याच्या कलम ६(५) नुसार भारतात राहणाऱ्या माणसाकडून वारशाने आलेली स्थावर मालमत्ता परदेशात राहणारी व्यक्ती स्वतःकडे ठेवू शकते. शेतजमीनही त्यात आली. तुमचे वडील जन्मभर गावात राहिले. ते गेले त्याच दिवशी तुमचा वाटा तुमच्याकडे आला, सातबाऱ्यावर नाव चढायचं राहिलं असलं तरी. हिंदू वारसा कायदाही वारसाचं नागरिकत्व विचारत नाही. वडिलोपार्जित जमिनीत मुलगी जन्मानेच हिस्सेदार आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं. जमीन वडिलोपार्जित धरा की वडिलांची स्वकष्टाची, तुम्ही चौघं वारस असताना हिशेब चौथ्या हिश्शावर येतो. म्हणजे दोन एकर.

आता जे तुम्हाला कुणी सांगितलं नाही ते सांगते. परदेशात राहणाऱ्या भारतीयाला किंवा ओसीआय कार्डधारकाला (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत सरकार हे कार्ड देतं) शेतजमीन विकत घेता येत नाही, बक्षीसपत्रानेही घेता येत नाही. वारसा हीच काय ती वाट. हक्कसोडपत्र एकदा नोंदलं आणि उद्या एखाद्या भावाला वाटलं की बहिणीचं बहिणीला परत द्यावं, तर त्याला ती जमीन तुम्हाला विकता येणार नाही की बक्षीस देता येणार नाही. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात कॅमेऱ्यासमोर बसवतात, फोटो काढतात, अंगठा घेतात. दहा मिनिटांत बाहेर. माझ्याकडे आलेल्या एका बाईंचा सख्खा भाऊ खरंच परत द्यायला तयार होता. दोघं माझ्यासमोर शेजारी-शेजारी बसले होते, आणि मला नाही म्हणावं लागलं. तो दिवस मी विसरलेले नाही.

उलट बाजू बघा. हिस्सा सोडायचाच असेल तर तो शपथेनंतरही सोडता येतो. परदेशी नागरिक झाल्यावरही तुम्ही वारशाची शेती भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकाला देऊ शकता. दोन्ही भाऊ त्यात बसतात. मग ‘शपथेच्या आधीच’ ही घाई कशासाठी?

तेव्हा आल्यावर ती नोंदणीची तारीख सोडून द्या आणि तलाठी कार्यालयात वारसनोंदीचा अर्ज चारही नावांनी द्या. मृत्यूचा दाखला, प्रतिज्ञापत्र आणि सगळ्या वारसांची नावं लागतील. आधी महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर सातबारा बघा. तुम्हाला वगळून फेरफार आधीच झाला असेल तर फैजपूरच्या प्रांताधिकाऱ्यांकडे अपील करता येतं, त्यात उशीर नको. तेवढ्याने घाबरूनही जाऊ नका. फेरफार ही महसुलाची नोंद आहे, मालकी तिने ठरत नाही.

पुढच्या कामासाठी कुणाला मुखत्यारपत्र द्यायचं झालं तर तिथल्या नोटरीसमोर किंवा भारतीय वकिलातीत करा, आणि इथे पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्याचं मुद्रांक शुल्क भरा. त्यात ‘विक्री’ हा शब्द घालू नका. केळी लावणं, कापणी, पाणीपट्टी, तलाठ्याकडची कामं, एवढंच लिहा.

शपथेनंतर भारतीय पासपोर्टवर प्रवास करू नका, त्यावर मुदत कितीही उरलेली असो. तो गुन्हा आहे. पासपोर्ट जमा करा, त्याचा दाखला घ्या, मग ओसीआयचा अर्ज करा. दरम्यान आईसाठी अचानक निघायची वेळ आली तर अमेरिकन पासपोर्टवर व्हिसा काढूनच या. ओसीआयवर मतदान करता येत नाही, त्यामुळे गावच्या यादीतलं नाव कमी करून घ्या. आणि केळीचे पैसे येतील ते एनआरओ खात्यातच, म्हणजे परदेशात राहणाऱ्यांच्या इथल्या कमाईसाठी असलेल्या बँक खात्यातच घ्या, लग्नाआधीच्या साध्या बचत खात्यात नको. पुढे कधी शेत विकलं, तर या खात्यातून कागदपत्रं देऊन वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर नेता येते. शेतीचं उत्पन्न इथे करमुक्त असलं तरी अमेरिकेत ते दाखवावं लागतं.

एक गोष्ट उरली, जी तुम्ही विचारली नाहीत. तुम्ही पाठवलेला मसुदा मी दोनदा वाचला. त्यात हक्क सोडून देणार म्हणून दोन नावं आहेत, तुमचं आणि आईचं. तुमच्यासाठी निदान नागरिकत्वाचं कारण पुढे केलंय. आई तर रावेर तालुका सोडून कुठे जाणार नाहीत, मग त्यांचा हिस्सा का सुटतोय? वर्षश्राद्धाचे पाहुणे गेले की त्यांच्याजवळ बसा आणि तो कागद पहिल्या ओळीपासून त्यांना वाचून दाखवा. आपण नक्की कशावर सही करणार आहोत हे त्यांना कुणी सांगितलं होतं का, तेही विचारा. त्यांचं उत्तर मला कळवा. त्यांच्यासाठी वेगळा अर्ज करावा लागेल, तो मी तयार करून ठेवते.