ओव्हर पलंगापाशी घे

चि. सिस्टरला,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. तुझ्या नाइटनंतर युरिनची एक बॅग भरलेलीच राहिली आणि त्यावरून मॉर्निंगच्या सिस्टर तुला बोलल्या, म्हणून त्यांच्याविरुद्ध लिहिलेल्या अर्जाचा फोटोही पाहिला. सगळ्या सिस्टरांच्या वरच्या मेट्रनबाईंकडे द्यायचा म्हणतेस. दे की. फक्त नाइट संपवून घरी आल्या आल्या लिहिलेला अर्ज झोप झाल्यावर पुन्हा एकदा वाचायचा असतो. तसा वाचलास तर त्यातली निम्मी विशेषणं तूच खोडशील, आणि जे उरेल त्यात दम असेल.

मॉर्निंगच्या सिस्टर नातेवाइकांसमोर ‘नाइटवाल्या झोपा काढतात’ म्हणाल्या, हे चूकच. त्यांची बाजू मी घेणार नाही. पेशंटच्या माणसांनी ते वाक्य एकदा ऐकलं की पुढच्या रात्री ती तुझ्यावर पाळत ठेवतात, मोबाइल काढून शूटिंग करतात. त्यात मॉर्निंगवालीचाही काही फायदा नाही, कारण दुपारी तीच माणसं तिच्याबद्दल तेच बोलायला लागतात. हे तिला सांग. पण तिला एकटीला, बाजूला घेऊन. वॉर्डच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नको. ग्रुपवर टाकलेला टोमणा ऑफवर असलेली वाचते, बाळंतपणाच्या रजेवर असलेलीही वाचते, आणि युरिनच्या एका भरलेल्या बॅगेचं भांडण दोन पाळ्यांचं होऊन बसतं. ते मग वर्षभर निस्तरत नाही.

आपल्याकडे पुष्कळ सरकारी दवाखान्यांत पाळ्या अशा: आठ ते दोन, दोन ते आठ आणि रात्री आठ ते सकाळी आठ. मॉर्निंगला सहा तास, नाइटला बारा. नाइटवालीला वाटतं, आपण दुप्पट राबतो. मॉर्निंगवालीला वाटतं, बारा तास मिळूनही हिला एक बॅग रिकामी करता आली नाही? हिशेब घड्याळाचा चाललाय, कामाचा नाही. त्या सहा तासांत काय काय असतं ते तू विद्यार्थिनी असताना पाहिलंयस, पण जबाबदारी अंगावर नव्हती तेव्हा. राउंड, राउंडमधल्या नव्या ऑर्डरी, ओटीला म्हणजे ऑपरेशनला जाणारे, एक्स-रेला जाणारे, ड्रेसिंग, डिस्चार्जचे कागद, नवीन ॲडमिशन, डाएट, स्टोअरचा इंडेंट म्हणजे सामानाची मागणी, धोब्याचे कपडे मोजणं, आणि या सगळ्यात ‘सिस्टर, आमचे डॉक्टर कधी येणार?’ हे मिनिटाला एकदा. तिच्या हाताखाली माणसं जास्त असतात हे खरं. पण तिला हाका मारणारीही तेवढीच जास्त असतात.

शिवाय मॉर्निंगवाली वॉर्डात पाऊल टाकते ते वॉर्ड सगळ्यात विस्कटलेला असताना. तू येतेस ते भेटीची वेळ संपून माणसं पांगत असताना. एकमेकींचं काम तुम्ही पाहतच नाही, पाहता ते मागे उरलेलं. त्यावरून दुसरीची किंमत करायची म्हटलं तर ती कमीच निघणार.

आणि इव्हिनिंगचं नाव या भांडणात कुणीच घेत नाही, हे मला नेहमी गमतीचं वाटत आलंय. दुपारी एकची ऑर्डर मॉर्निंगने दोनवर ढकललेली, इव्हिनिंगने ती आठवर ढकललेली, आणि साडेसातला आलेल्या ॲडमिशनला ‘बसा जरा, रात्रीच्या सिस्टर येतीलच’. तू सह्या करून बसतेस तोवर तुझ्या पदरात तिघींचं काम पडलेलं असतं. म्हणून सकाळच्या सिस्टरवर चिडण्याआधी रात्री आठला तू काय आणि कसं ताब्यात घेतलंस ते आठव. टेबलाशी उभं राहून, रजिस्टरवर बोट फिरवत, ‘बाकी सगळं ठीक’ ऐकून घेतलं असशील, तर त्या रात्रीचं निम्मं भांडण तिथेच ठरलेलं होतं.

ओव्हर, म्हणजे पाळी बदलताना वॉर्डाचा ताबा, टेबलाशी घ्यायची नसते. पलंगापाशी घ्यायची. या पत्रातलं बाकी सगळं विसरलीस तरी चालेल. दोघींनी मिळून फिरायचं, आधी ऑक्सिजनवरचे आणि जास्त आजारी, मग बाकीचे. सलाइनसाठी शिरेत घातलेली इंट्राकॅथ कधीची, हात सुजलाय का, सलाइन किती उरलंय, ऑक्सिजन किती लिटरवर आहे, बॅग रिकामी आहे का, ड्रेसिंग भिजलंय का. अंथरुणाला खिळलेल्याची पाठ कुशीवर वळवून दोघींनी डोळ्यांनी पाहायची. नंतर इमर्जन्सी ट्रॉली, आणि कुलपातल्या मॉर्फिन-फेंटानिलच्या ॲम्प्युल एक एक मोजून मग किल्ली हातात घ्यायची. सही सगळ्यात शेवटी. ‘उशीर होतोय, बस जाते’ म्हणणारी कितीही सीनियर असली तरी गोड बोलून थांबव. ‘ताई, दोनच मिनिटं, १७ नंबरपर्यंत चला’ म्हटल्यावर नाही म्हणणारी मी फार कमी पाहिली.

काय बोलायचं, त्याचीही रीत आहे. हल्ली ट्रेनिंगमध्ये तुम्हाला एसबार शिकवतात: परिस्थिती, पार्श्वभूमी, अंदाज आणि शिफारस, या क्रमाने बोलायचं. ती पद्धत अमेरिकन नौदलाच्या पाणबुड्यांवरून दवाखान्यांत आली, आणि २००७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या रुग्णसुरक्षेच्या शिफारशींतही तिचा समावेश झाला. ओव्हरपुरतं मी ते माझ्या पद्धतीने असं लावते: पेशंट कोण आणि कशासाठी आलाय, माझ्या पाळीत काय बदललं, आता कशाकडे लक्ष ठेवायचं, आणि माझ्याकडून काय राहिलं. पहिल्या तीन गोष्टी सगळ्याजणी सांगतात. चौथी सांगताना जीभ अडखळते. तू ती सगळ्यात मोठ्याने सांग. ‘पहाटे चारला ९ नंबरच्या दमेकऱ्याला धाप लागली, डॉक्टरांना कॉल दिला, तासभर तिथेच होते. १७ची बॅग मोजायची राहिली, २२चं सॅम्पल गेलेलं नाही.’ असं सांगितलं की समोरचीला तुझ्यावर ओरडायला फारसं काही उरत नाही, कारण तिला काही सापडलेलं नसतं. ती चिडते ते नंतर सापडतं तेव्हा.

आणि न केलेलं काम कागदावर केलेलं दाखवायचं नाही, ते तर कधीच नाही. पहाटेच्या टीपीआरला, म्हणजे ताप, नाडी, श्वास मोजताना, अख्ख्या वॉर्डाला ९८.४ आणि सगळ्यांची नाडी ७८, असे चार्ट मी पुष्कळ पाहिलेत. मॉर्निंगवाली ते दोन मिनिटांत ओळखते. त्यानंतर तुझी खरी नोंदही तिला खोटी वाटते, आणि त्यात तिचा दोष नाही.

पहाटेचं थोडं वेगळं बोलते, कारण तुमचं भांडण नेहमी शेवटच्या दोन-तीन तासांवरून होतं. शरीराचं तापमान पहाटे चार-पाचच्या सुमाराला सगळ्यात खाली असतं, जागरूकताही तेव्हाच तळाला जाते. आणि आपण नेमकी तेव्हाच सगळी मोजमापाची कामं लावून ठेवलीत: उपाशीपोटीचे सॅम्पल, शुगर, टीपीआर, बीपी, पेशंटच्या पोटात गेलेल्या आणि बाहेर पडलेल्या पाण्याची, म्हणजे इनटेक-आउटपुटची चोवीस तासांची बेरीज, ओटीवाल्यांची तयारी, स्पंजिंग, राउंडच्या आधी सरळ झालेल्या चादरी. या कामांची वेळ तुझ्या हातात नाही, तयारीची आहे. फॉर्म, ट्रे, सिरिंज एक-दोन वाजता लावून ठेव, तेव्हा डोकं चालतं. रिकाम्या बाटल्यांवर मात्र आधी नावं चिकटवू नकोस. नाव रक्त घेतल्यावर, पेशंटला विचारून, त्याच्या पलंगापाशीच. पहाटे पाचला दोन सारख्या आडनावांच्या बाटल्यांची अदलाबदल व्हायला वेळ लागत नाही. डोळा लागतच असेल आणि ड्युटीवर दोघी असाल तर आळीपाळीने झोपा, एकजण जागी असतानाच. दोघी एकदम कधीच नाही.

कुणी म्हणालं नाइटला काय असतं, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये रात्रपाळीला ‘बहुधा कर्करोगकारक’ म्हटलं आणि २०१९ मध्ये तेच कायम ठेवलं, हे सांगून टाक. सभासंमेलनांत मात्र आपल्याला २६ नोव्हेंबर २००८ ची रात्र ऐकवली जाते. मुंबईच्या कामा हॉस्पिटलात ड्युटीवर असलेल्या अंजली कुलथे सिस्टरांनी गोळीबार चालू असताना वीस गरोदर बायकांना पँट्रीत नेऊन सांभाळलं. त्यांना माझा नमस्कारच आहे. पण नाइटवालीची बाजू मांडायला दहशतवादी हल्ला लागू नये. साधी, काहीही न घडलेली रात्र हेसुद्धा कुणीतरी केलेलं कामच असतं.

मला विचारशील तर पाळ्या एकमेकींवर किती अवलंबून असतात हे समजायला मुंबईच्या केईएम हॉस्पिटलकडे बघावं. १९७३ मध्ये झालेल्या हल्ल्यानंतर तिथल्याच सिस्टर अरुणा शानबाग तिथे २०१५ पर्यंत, म्हणजे जवळजवळ ४२ वर्षं पडून होत्या. इतक्या वर्षांत त्यांना बेडसोर, म्हणजे पडून पडून होणारी जखम, होऊ दिला नाही, असं रुग्णालयातर्फे सर्वोच्च न्यायालयासमोर सांगितलं गेलं, आणि २०११ च्या निकालात न्यायालयाने तिथल्या सिस्टरांची मनापासून वाखाणणी केली. लोक याला सेवाभाव म्हणतात. असेलच. मी त्यात ड्युटी लिस्ट पाहते. दर दोन तासांनी कूस बदलायची तर दिवसात बारा वेळा, आणि त्यातल्या सहा एकट्या नाइटच्या. मॉर्निंगने कितीही जीव ओतला तरी नाइटने दोन वेळा चुकवलं की पाठ लाल होते, आणि उलटही तसंच. शिवाय त्या काळात कितीतरी सिस्टर आल्या, रिटायर झाल्या. त्या सगळ्या एकमेकींच्या लाडक्या असतील असं मला मुळीच वाटत नाही. पटत नसणारच. ओव्हर मात्र नीट होत असणार.

इन्चार्ज सिस्टरांबद्दल तू लिहिलंयस की त्या कायम मॉर्निंगचंच ऐकतात. ऐकणारच, त्यांना दिसते मॉर्निंगच. इन्चार्ज झालं की नाइट सुटते, माझीही सुटली होती, आणि नाइट सुटलेल्या माणसाचं नाइटबद्दलचं मत लवकर शिळं होतं. यावर उपाय म्हणजे त्यांना आठवड्यातून एकदा तरी सकाळी साडेसातला बोलवायचं, ओव्हरला बरोबर फिरायला. पहिल्यांदा कुरकुर करतील. तू नवीन आहेस, तू सांगू नकोस. वॉर्डातल्या सीनियर ताईंकडून सुचव.

आता अर्ज. जनरल वॉर्डात सहा पेशंटमागे एक नर्स, हे केंद्राच्या स्टाफ इन्स्पेक्शन युनिटचं जुनं प्रमाण. तू रात्री चाळीसजणांना एकटी. मॉर्निंगलाही ते प्रमाण कुठे पाळलं जातं? जोवर तुम्ही दोघी एकमेकींच्या नावाने अर्ज देताय, तोवर रिकाम्या पदांबद्दल कुणाला काही विचारावंच लागत नाही. दोन सिस्टरांना बोलावून समज दिली की फाइल बंद. म्हणून त्या अर्जातून मॉर्निंगच्या सिस्टरचं नाव काढ. तिच्याशी जे आहे ते तोंडी मिटव. महिनाभर एका वहीत रोज लिही: तारीख, रात्री आठचा पेशंटचा आकडा, ऑक्सिजनवर किती, पडून असलेले किती, ड्युटीवर कोण कोण, रात्री नवीन किती आले, आणि कोणतं काम राहिलं. तिलाही तिच्या सहा तासांचं तसंच लिहायला सांग. ती लगेच तयार होणार नाही. तू तिची एखादी राहिलेली गोष्ट न बोलता उरकलीस की होईल.

मग दोघींच्या सहीचा एकच अर्ज, दोन प्रतींत. एक मेट्रन ऑफिसला आणि दुसरीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेऊन आपल्याकडे. क्लार्क म्हणेल ‘ठेवून जा, नंतर शिक्का मारतो’. ठेवून यायचं नाही. तिथे उभं राहायचं.

येत्या ऑफला ये, जेवायलाच ये. आदल्या दिवशी नाइट असेल तर आधी झोप काढ आणि मग नीघ.

तुझी,
जुनी इन्चार्ज