नेपाळच्या खेड्यांतल्या मुलींच्या शिक्षणासाठी नेमकं कोण काम करतं?

मला सर्वांत मोलाचं वाटतं ते पश्चिम तराईतलं, थारू या आदिवासी समाजातल्या 'कमलरी', म्हणजे परक्या घरी राबायला धाडलेल्या मुलींसाठी झालेलं काम. दांग, बर्दिया, कैलाली या भागांत माघ महिन्यातल्या माघीच्या सणाला सहा-सात वर्षांच्या मुलींचा सौदा व्हायचा. वर्षाकाठी थोडे पैसे बापाच्या हातावर टेकवायचे आणि पोरगी परक्या घरी भांडी घासायला जायची.

ओल्गा मरे या अमेरिकन वकीलबाईंच्या 'नेपाळ युथ फाउंडेशन'ने 2000 साली यावर साधा उपाय काढला. मुलगी घरी ठेवा, शाळेचा खर्च आमचा, वर डुकराचं पिल्लू किंवा शेळी! वर्षभर पोसून ते जनावर विकलं की मुलीच्या मजुरीइतके पैसे सुटायचे. नुसतं 'मुलगी शिकवा' सांगून हे घडलं नसतं, कारण अडचण पोटाची होती.

पुढे सुटलेल्या मुलींनीच लढा हाती घेतला. उर्मिला चौधरी स्वतः लहानपणी कमलरी होत्या. त्यांनी उशिरा शाळा धरली आणि इतर मुलींना संघटित केलं. 2013 मध्ये सृजना चौधरी या कोवळ्या कमलरीच्या मृत्यूनंतर त्या सगळ्या काठमांडूत रस्त्यावर उतरल्या, लाठ्या खाल्ल्या. त्याच वर्षी सरकारला ही प्रथा संपल्याची घोषणा करावी लागली.