रत्नागिरीहून सोलापूरला आल्यापासून थंडीत त्वचा, ओठ, केस सगळंच कोरडं पडतंय. काय करू?

तुम्ही लिहिलंय की बदली होऊन पहिलाच हिवाळा सोलापुरात काढताय, दिवसातून तीनदा क्रीम लावता, तरी पिंडऱ्यांवर नखानं रेघ ओढली की पांढरी उमटते, ओठ फुटलेत आणि केसांत कोंडा झालाय. मी सोलापुरात औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. दिवाळी झाली की संक्रांतीला भरणारी गड्ड्याची जत्रा उरकेपर्यंत आमच्या काउंटरवर रोज हीच तक्रार येते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी कारण समजून घ्या. सोलापूरची थंडी काही कडाक्याची नसते, दुपारी तर चक्क ऊन लागतं. त्रास देते ती कोरडी हवा. रत्नागिरीत समुद्रामुळे हवेत बाराही महिने दमटपणा असतो, म्हणून तिथे अंगाला काही लावलं नाही तरी चालून जातं. इथली हवा त्वचेतलं पाणी ओढून घेते. त्वचेच्या वरच्या थरात पेशींच्या मध्ये स्निग्ध पदार्थ भरलेले असतात आणि ते पाणी धरून ठेवतात. कढत पाणी आणि साबण नेमके तेच धुऊन टाकतात. म्हणजे क्रीम कोणती, यापेक्षा आंघोळ कशी करता हे आधी बघा.

पाणी कोमट घ्या. सकाळी गार वाटतं म्हणून वाफाळतं पाणी अंगावर घ्यायचा मोह होतो, पण तो टाळा आणि पाच-दहा मिनिटांत आंघोळ उरका. साबण काखेत, जांघेत आणि पायांना पुरे. हातापायांना रोज फेस काढायची गरज नसते. सोलापुरात आहात म्हणजे टॉवेल चांगलाच असणार, पण त्यानं खसाखसा पुसू नका, नुसतं टिपून घ्या. अंग ओलसर असतानाच, तीन-चार मिनिटांच्या आत क्रीम लावा. तुमचं गणित बहुतेक इथेच चुकतंय. कोरड्याठाक कातडीवर तीनदा लावण्यापेक्षा ओलसर अंगावर एकदा नीट लावलेलं जास्त टिकतं. साधी, वास नसलेली, घट्ट क्रीम घ्या. पातळ लोशन इथल्या हवेत पुरत नाही. ग्लिसरीन आवडत असेल तर त्यात पाणी किंवा गुलाबपाणी घालूनच लावा आणि वरून क्रीमचा हात फिरवा. नुसतं ग्लिसरीन कोरड्या हवेत त्वचेतलंच पाणी वर खेचतं.

तेलच लावायचं असेल तर आंघोळीनंतर, ओल्या अंगावर, थोडंसं. खोबरेल चालेल, सूर्यफुलाचंही चालेल. महागडं ऑलिव्ह तेल मात्र आणू नका, त्यानं त्वचेचं कवच उलट सैल पडतं.

ओठांना तेलग्रंथी नसतात, म्हणून ते सगळ्यात आधी फुटतात. जीभ फिरवली की घटकाभर बरं वाटतं, पण थुंकी सुकताना ओठ आणखी कोरडे होतात आणि तिच्यातले पाचकरस आधीच नाजूक कातडीला झोंबतात. सुटलेली सालं ओढू नका. पेट्रोलियम जेली दिवसातून पाच-सहा वेळा आणि झोपताना जाडसर लावा. गारगार लागणारे, पुदिना-कापराचे बाम मी स्वतः कुणाला देत नाही. त्यांनी काहींचे ओठ जास्तच चरचरतात. ओठांचे कोपरे चिरले असतील तर ते वेगळं दुखणं असू शकतं. बुरशी असेल, नाहीतर लोह किंवा ब जीवनसत्त्व कमी असेल. ते डॉक्टरांना दाखवा.

टाचांच्या भेगांचं तुम्ही विचारलं नाही, पण जानेवारीत विचाराल. आमच्याकडे विड्या वळणाऱ्या बायका येतात, त्यांच्या बोटांच्या पेरांनाही अशाच चिरा पडतात. त्यावर तुमच्या कोकणातलं कोकमतेल उत्तम आहे, गावाकडून येताना त्याचा गोळा नक्की आणा. रात्री पाय कोमट पाण्यात बुडवून, पुसून, तेल वितळवून भेगांत भरायचं आणि सुती मोजे घालून झोपायचं. कातडी फार जाड झाली असेल तर युरिया असलेली क्रीम मागा. मधुमेह असेल तर भेगा घरी कापायच्या नाहीत, थेट डॉक्टर गाठायचा.

केसांचं बघू. कोंडा दिसला की आपल्याकडे रात्रभर तेल थापतात. पण कोंड्यामागे बहुतेकदा डोक्यावरची एक बुरशी असते आणि ती स्निग्ध पदार्थांवरच जगते. तेव्हा कोंडा जाईपर्यंत टाळूला तेल नको. 2 टक्के केटोकोनाझोलचा शॅम्पू आठवड्यातून दोनदा टाळूवर लावून तीन ते पाच मिनिटं ठेवा, मग धुवा. चार आठवडे धीर धरा. लिंबू चोळू नका, आग होते. केसांच्या टोकांना मात्र धुण्याआधी तासभर खोबरेल जरूर लावा, ते केसाच्या आत मुरतं. सकाळी बाटलीत गोठलेलं दिसलं तर घाबरू नका, साधारण 24 अंशांखाली खोबरेल गोठतंच. बोअरचं जड पाणी असेल तर शेवटचा एक तांब्या पिण्याच्या पाण्याचा घ्या, केस कमी चिकटतात.

एक गोष्ट कळकळीनं सांगते. खाज सुटली की शेजारी कुणीतरी "सगळ्यावर चालते" अशी एखादी ट्यूब सुचवतात. अशा बऱ्याच ट्यूबांत स्टेरॉइड असतं. चार दिवस जादू झाल्यासारखी वाटते, पुढे कातडी पातळ होते आणि नायटा असेल तर तो पसरतो. चिठ्ठीशिवाय ती मागू नका आणि कुणी दिली तरी घेऊ नका.

आणि खाज रात्रीच वाढत असेल, बोटांच्या बेचक्यांत बारीक पुळ्या असतील, घरात दुसऱ्या कुणालाही खाजत असेल, तर ती कोरडी त्वचा नसून खरूज असायची शक्यता मोठी आहे. मग क्रीम बदलत बसू नका. डॉक्टरांकडून औषध घेऊन घरातल्या सगळ्यांनी ते एकाच रात्री लावायचं, आणि अंथरूण-पांघरूण, कपडे गरम पाण्यात धुऊन उन्हात टाकायचे.